विमानाचे चाक बिघडले तर?



आमच्या पुण्याच्या प्रौढांच्या वर्गात रोज एक जण वर्तमानपत्रातली बातमी मोठ्याने वाचतो. ऑगस्ट २०२५ मध्ये एकाने अडखळत अडखळत एक बातमी वाचली. आपल्या जिल्ह्यात बारामतीला विमान चालवायला शिकवतात. तिथल्या एका लहान शिकाऊ विमानाचे पुढचे चाक बिघडले. खाली आल्यावर ते विमान बाजूच्या गवतात गेले. वैमानिक सुखरूप राहिला. वैमानिक म्हणजे विमान चालवणारा.

वर्गात लोहगावच्या एक बाई आहेत. विमानतळ त्यांच्या घराजवळच. डोक्यावरून सारखी विमाने जातात. त्या म्हणाल्या, "गुरुजी, गाडीचं चाक निखळलं तर गाडी थांबवता येते. विमान वर कुठं थांबवायचं?"

प्रश्न खरा होता. आम्ही म्हणालो, चार दिवस द्या. मग वाचले, जाणत्यांना विचारले. तेच आज सांगतो.

लहान विमानाला बहुधा तीन चाके असतात. दोन पंखांखाली, एक पुढे नाकाखाली. काही विमानांची चाके कायम बाहेरच असतात. काहींची मात्र उडाल्यावर आत ओढून घेता येतात. उडताना पक्षी पाय कसे आवरून घेतात, तसेच. उतरायच्या आधी वैमानिक एक दांडी खाली करतो. चाकांचे पाय बाहेर येतात आणि पक्के बसतात. ते पक्के बसले की वैमानिकासमोर तीन हिरवे दिवे लागतात. एका पायाला एक दिवा.

आता समजा, दोनच दिवे लागले. तिसरा लागेना. मग काय करायचे?

खाली यायचे नाही. विमान परत वर न्यायचे. तुम्हाला हे उलटे वाटेल. पण चाक बिघडले म्हणून विमान पडत नाही, बरं का. चाकाचे काम जमिनीवर. हवेत भार तोलतात ते पंख, आणि पुढे नेते ते इंजिन. टाकीत इंधन आहे तोवर वैमानिकाच्या हाती वेळ आहे. घाई केली तर मात्र घात होतो. वर घिरट्या घालायच्या, विमानतळाच्या मनोऱ्यावर बिनतारी यंत्राने कळवायचे आणि कागद काढायचा.

हा कागद फार महत्त्वाचा. प्रत्येक विमानात तो असतो. चाक अडले तर काय काय करायचे, ते त्यावर ओळीने छापलेले असते. दिव्याचा बल्बच तर गेला नाही ना, ते बघा. दांडी पुन्हा वर करा, पुन्हा खाली करा. तरीही पाय आला नाही, तर हाताने उतरवा. त्यासाठी काही विमानांत छोटा हातपंप असतो. आपण हापसा मारतो, तसा तो मारायचा. दोन वैमानिक असतील तर एकाने वाचायचे, दुसऱ्याने विमान सांभाळायचे.

वर्गातले एक जण म्हणाले, "त्यांना हे पाठच असेल की! मग वाचायचं कशाला?" पाठ असतेच. पण जीव घाबरला की पाठ केलेले नेमके तेव्हा सुचत नाही. परीक्षेत आमच्या मुलांचे हेच होत असे.

आणि एकाने विमान सांभाळायचे म्हणतात, तेही उगीच नाही. २९ डिसेंबर १९७२ ची गोष्ट. अमेरिकेत मायामी शहराजवळ एक मोठे प्रवासी विमान रात्री उतरायला आले. नाकाच्या चाकाचा दिवा लागेना. विमान वर नेले, घिरट्या सुरू केल्या. इथवर ठीक. मग सगळेच त्या एका दिव्याच्या मागे लागले. विमान हळूहळू खाली चालले होते, तिकडे कुणाचे लक्ष नव्हते. ते दलदलीत आदळले. १०१ माणसे गेली. चौकशीत काय निघाले? चाक उतरलेलेच होते. दिवा तेवढा जळला होता.

सगळे करूनही चाक धड झाले नाही, तर तसेच उतरावे लागते. तेव्हा आधी बरेचसे इंधन वरच खर्ची घालतात, म्हणजे आगीची भीती कमी. सामान बांधतात, माणसांचे पट्टे आवळतात. खाली आगीचे बंब तयार राहतात. एका बाजूचे चाकच नसेल तर काय होईल, ते तुम्हाला सांगायला नको. बैलगाडीचे एक चाक निसटले की गाडी त्या अंगाला कलंडते आणि गरकन फिरते. म्हणून काही वेळा सारीच चाके आत ठेवतात आणि विमान पोटावर उतरवतात.

आपल्या महाराष्ट्रात असे घडले आहे. ६ मे २०२१. कोरोनाचे दिवस. रोग्याला नेणारे एक लहान विमान नागपूरहून उडाले. आत पाच माणसे. उडतानाच एक चाक निखळून खाली पडले. पहाऱ्यावरच्या एका जवानाने ते पाहिले आणि लगेच वर कळवले. तिथून वैमानिकाला निरोप गेला. विमान मुंबईकडे वळवले. नागपूर ते मुंबई हवाई अंतर सुमारे ७०० किलोमीटर. एवढा वेळ ती माणसे चाक नाही हे ठाऊक असून बसली होती. मुंबईत धावपट्टीवर फेस पसरून ठेवला होता, आग लागू नये म्हणून. रात्री नऊच्या सुमारास विमान त्या फेसावर पोटावर उतरले. घसरत गेले, थांबले. पाचही जण सुखरूप बाहेर आले.

बाईंनी विचारले, "गुरुजी, त्या जवानानं पाहिलं नसतं तर?"

तर मुंबईत वैमानिकाने नेहमीसारखी दांडी खाली केली असती, आणि बहुधा तिन्ही दिवे हिरवे लागले असते. दिवा सांगतो की पाय पक्का बसला. पायाला चाक आहे की नाही, हे दिव्याला कळत नाही.