परदेशचा पगार आणि घरचा हिशेब
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी माझीच एक चूक तुमच्यापुढे मांडणार आहे. माझा मुलगा अमेरिकेत न्यू जर्सीला नोकरीस लागला, तेव्हा मी त्याच्या पगाराला ऐंशीने गुणले आणि तो आकडा साऱ्या आळीत सांगितला. पुढे घराच्या दुरुस्तीसाठी त्याने अपेक्षेपेक्षा कमी पैसे धाडले. ‘आईला विसरलास,’ असे मी रागाने फोनवर बोलून गेले.

नंतर तीन महिने त्याच्याकडे राहिले. पहिल्याच दिवशी कोथिंबिरीच्या जुडीलाही मी ऐंशीने गुणले आणि सूनबाईंना ती परत ठेवायला लावली! महिनाअखेर मुलाने जमाखर्चाची वही पुढे केली. पगाराचा तिसरा हिस्सा घरभाड्यात जात होता, आणि जवळजवळ तेवढाच नातीच्या पाळणाघरात. येथे तिला मी सांभाळले असते, नाहीतर शेजारच्या काकूंनी. त्या कामाची किंमत आपण कोणत्या वहीत लिहितो?

भगिनींनो, डॉलरचा भाव म्हणजे संसाराचा भाव नव्हे. तेल, सोने, यंत्रे देशोदेशी फिरतात. पण न्हाव्याची मजुरी, मोलकरणीचे श्रम आणि भाड्याची खोली काही जहाजातून जात नाहीत. म्हणून त्यांच्या किमतींत मोठी तफावत राहते. ती मोजण्यासाठी जागतिक बँक देशोदेशीच्या किमती गोळा करवते. २०१७ सालच्या मोजणीत १७६ देश व प्रदेश होते. त्या वर्षी डॉलरचा बाजारभाव ६५.१२ रुपये होता. पण अमेरिकेत एका डॉलरात जे मिळे, ते आपल्याकडे सरासरी २०.६५ रुपयांत मिळे.

मात्र हाही आकडा डोळे मिटून घेऊ नये. टोपली कोणाची, हा प्रश्न उरतोच. ज्वारीचे पीठ, ओला नारळ, धुण्याभांड्याची बाई अशी आपली टोपली तिकडे भरली, तर अमेरिका फारच महाग वाटते. तिकडच्या सवयीची टोपली येथे भरली, तर आपली स्वस्ताई बरीच कमी होते. शिवाय सरासरीत मुंबईची खोली आणि खेड्यातले घर एकाच तागडीत बसतात.

तेव्हा परदेशच्या स्थळाची चौकशी करताना ‘पगार किती’ एवढ्यावर थांबू नका. ‘भाडे, मुले, आजारपण भागून उरते किती’ हेही विचारा.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी मुलाजवळ माझी चूक कबूल केली आणि कोथिंबिरीची जुडी स्वतः विकत आणली. भाव मात्र गुणला नाही.