पाळण्याची दोरी कोणी ओढायची?



1948 च्या कारखाना कायद्याने पाळणाघर सक्तीचे केले; पण मोजल्या त्या बायकाच. आधी 50 हून अधिक, 1976 च्या दुरुस्तीने 30 हून अधिक. एका कारखान्याचा हजेरीपट मी वर्षानुवर्षे पाहिला. बायका तिसाच्या वर कधी गेल्याच नाहीत! 2017 साली स्त्री-पुरुष मिळून 50 माणसे मोजायचे ठरले, हे बरे झाले. पण खर्च मालकाच्याच माथी राहिला, आणि मालक वाट काढतोच.

कॅनडातील क्वेबेक प्रांताने 1997 साली निराळे केले. पाळणाघर पालकांच्या संस्थेने चालवायचे, आईबापांनी दिवसाला 5 डॉलर द्यायचे, बाकीचा भार सरकारी तिजोरीने उचलायचा. 1999 साली तिथल्या सांभाळणाऱ्या बायांनी संघटनेच्या बळावर पगारवाढही मिळवली. स्वस्ताई त्यांच्या पोटाला चिमटा काढून आणायची नसते, मंडळी!