सेवाधिष्ठित संगणकरचना : वाट कोणती धरावी?



कामगार संघटनेचा माणूस संगणकाच्या रचनेवर काय बोलणार, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत पुष्कळ झाले. परंतु बँकांतल्या व कचेऱ्यांतल्या नोकरवर्गात वावरताना एक गोष्ट मला पक्की कळली. यंत्र बदलते तेव्हा कामाची वाटणी बदलते, आणि कामाची वाटणी हा तर आमचाच विषय आहे.

ज्याला सर्व्हिस ओरिएंटेड आर्किटेक्चर म्हणतात, ती रचना आधी साध्या शब्दांत सांगतो. जुन्या पद्धतीत संस्थेचा सारा कारभार एकाच अवाढव्य प्रोग्रॅममध्ये गुंफलेला असतो. व्याजाच्या हिशोबाला हात लावला की पासबुकाची छपाई बिघडते. नव्या पद्धतीत एकेक काम वेगळे काढतात. खातेदाराची ओळख पटवणे ही एक सेवा, शिल्लक सांगणे ही दुसरी, पैसे वळते करणे ही तिसरी. प्रत्येक सेवा ठरलेल्या नमुन्यात मागणी घेते आणि ठरलेल्या नमुन्यात उत्तर देते. आत ती काम कसे करते, याची चौकशी दुसऱ्याने करायची नाही.

हे ऐकून कोणाला आपला गावगाडा आठवेल. सुताराचे काम सुताराने करावे, लोहाराचे लोहाराने. परंतु हा दाखला फार ताणू नये. गावगाड्यात काम जन्माने गळ्यात पडे आणि मोबदला देणाऱ्याच्या मर्जीवर असे. इथे सेवेचा पाया करार हा आहे. करार लिहिलेला असतो, दोन्ही बाजूंना बांधणारा असतो, आणि सेवा पुरवणारा बदलला तरी तो टिकतो.

आता मुख्य प्रश्न वाटेचा. एक वाट अशी की, जुने सारे एका रात्रीत मोडावे आणि सकाळी नवे सुरू करावे. वरच्या मंडळींना ही वाट फार आवडते, कारण तीत उद्घाटनाची तारीख ठरवता येते. तिचा परिणाम पाहायचा तर ब्रिटनमधील टीएसबी बँकेकडे पाहावे. २०१५ साली ती स्पेनच्या साबादेल बँकेने घेतली. एप्रिल २०१८ मध्ये एका शनिवार-रविवारात सुमारे पन्नास लाख ग्राहकांची खाती जुन्या व्यवस्थेतून नव्या व्यवस्थेत नेण्यात आली. खात्यांची माहिती तिकडे नीट पोचली. परंतु ज्या यंत्रणेवर ती पोचली, तीच कोसळली. सुमारे १९ लाख लोकांना आपल्याच खात्याचे दार बंद झाले. पुढे २०१९ च्या चौकशी अहवालाने, जवळजवळ सर्व काही एकाच फटक्यात हलवण्याच्या निर्णयावर बोट ठेवले. डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या नियंत्रकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला. दंड बँकेने भरला. पण त्या आठवड्यात खिडकीवर उभे राहून लोकांचे बोल खाल्ले ते नोकरांनी.

दुसरी वाट याच्या उलट. ज्याला जशी गरज वाटेल तशी त्याने सेवा काढावी. मग एकाच ग्राहकाचा पत्ता चार खात्यांत चार प्रकारे नांदतो, आणि कोणता खरा हे सांगायला कोणी जबाबदार राहत नाही.

यशाची वाट या दोहोंच्या मधली आहे. मार्टिन फाउलर या संगणकतज्ज्ञाने २००४ साली तिला एका झाडाची उपमा दिली. आपल्याकडे पिंपळ दुसऱ्या झाडावर रुजतो, मुळ्या खाली सोडतो आणि हळूहळू त्याची जागा घेतो, तसे. जुनी व्यवस्था चालू ठेवावी, तिच्यातले एक काम बाहेर काढावे, ते नीट चालते हे पाहावे, मग दुसऱ्याला हात घालावा. चुकले तर मागे फिरण्याची सोय राहते. आपल्या यूपीआयचेच पाहा. ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत ती सुरू झाली तेव्हा तीत २१ बँका होत्या. बाकीच्या मागून आल्या. २०१० पासून चालू असलेली आयएमपीएस मोडून टाकली नाही. तिच्याच पायावर यूपीआय उभी केली. प्रत्येक बँकेचा आतला कारभार निराळा, पण मागणी आणि उत्तर यांचा नमुना सर्वांना एकच.

वाट ठरली तरी तीन गोष्टी आधी निश्चित कराव्या लागतात. पहिली, काप कुठे घ्यायचा. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ सालीच दाखवून दिले की, संस्थेत माणसे जशी एकमेकांशी बोलतात तशीच त्यांनी बनवलेली यंत्रणा होते. दोन खात्यांत बोलणे बंद असेल तर त्यांच्या सेवांतही भिंत उभी राहणार. म्हणून आधी माणसांच्या कामाची मांडणी सुधारा, मग संगणकाची.

दुसरी, बदलाची नोटीस. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९अ होते. सेवाशर्ती बदलायच्या तर मालकाने एकवीस दिवस आधी नोटीस द्यावी, असे ते सांगे. सेवांच्या करारालाही हाच न्याय लावा. नमुना बदलायचा तर आधी कळवा आणि ठरल्या मुदतीपर्यंत जुनाही चालू ठेवा.

तिसरी, गरज आहे का, हे तपासा. २०२३ साली ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओमधील एका गटाने, चित्रफितींच्या तपासणीसाठी सुटे केलेले तुकडे पुन्हा एकत्र जोडले आणि त्या कामाचा खर्च नव्वद टक्क्यांनी कमी केला. लहान पतपेढीने मोठ्या बँकेचे अनुकरण करून आपल्या साध्या हिशोबाचे पन्नास तुकडे करू नयेत.

आता माझ्या मनातली गोष्ट. जुन्या यंत्रणेचे खरे ज्ञान कागदावर नसते. महिनाअखेरीस अमुक खाते हाताने तपासावे लागते, मयत खातेदाराच्या वारसाचा अर्ज तमुक ठिकाणी अडतो, हे वीस वर्षे टेबलावर बसलेल्या कारकुनाला ठाऊक असते. आराखडा करताना त्याला बोलवत नाहीत, आणि आराखडा झाल्यावर त्यालाच घरी पाठवण्याची भाषा होते. मग तो आपले ज्ञान कशाला देईल? १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी इंडियन बँक्स असोसिएशनशी यंत्रीकरणाचा करार केला. यंत्र येणारच, पण ते कोणत्या अटींवर येईल हे बोलणीच्या टेबलावर ठरावे, हे त्यातले तत्त्व आजही खोटे ठरलेले नाही. नोकरीची हमी आणि नव्या कामाचे शिक्षण यांचा करार आधी झाला, तर कारकून स्वतः होऊन सांगेल की काप कुठे घ्यावा.

ज्या रचनेत यंत्रे एकमेकांशी करार पाळतात, तिथे माणसांशीही करार पाळला जावा, एवढेच आमचे मागणे आहे.