सिंधूचे लुगडे
(समाजाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चालकांनी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, ती आम्ही शिरसावंद्य मानतो. आम्ही वक्ते नव्हे, सुईदोऱ्याची माणसे. तेव्हा बोलणार तेही सुईदोऱ्याविषयीच. कयाधूच्या काठी, नर्सीस, ज्या संतश्रेष्ठांचे जन्मस्थान आपण मानतो, त्या नामदेवरायांनाही आपल्या हत्यारांची लाज वाटली नाही. गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. त्यांतील एका पदात गज आहे, कात्री आहे, सोन्याची सुई आणि रुप्याचा धागाही आहे.

गतवर्षी आपल्या मुलींनी संमेलनात ‘एकच प्याला’ नाटकातील एक प्रवेश करावयाचे ठरविले आणि सिंधूचा पोशाख शिवण्याचे काम आमच्याकडे आले. सिंधू ही आमची फार दिवसांची आवडती नायिका. राम गणेश गडकरी यांचे निधन २३ जानेवारी १९१९ रोजी झाले आणि अवघ्या महिन्याभरात, २० फेब्रुवारीस, गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक बडोद्यास रंगभूमीवर आणले. सिंधूची भूमिका बालगंधर्वांची होती. ज्यांच्या उंची शालूंचे आणि वेशभूषेचे अनुकरण घरोघरच्या स्त्रिया करीत, तेच बालगंधर्व येथे दळण दळणाऱ्या दरिद्री स्त्रीच्या वेषात उभे राहिले. तेव्हा पोशाख त्या काळास शोभेल असाच झाला पाहिजे, असा आमचा आग्रह होता.

आग्रह मोठा, पण बुद्धी तोकडी! आम्ही बाजारातून नवे नऊवारी आणले आणि त्यावर लाल, पिवळी, हिरवी अशी वीतवीतभर ठिगळे यंत्रावर टिपून दिली. लांबून दिसले पाहिजे, हा हिशेब. तालमीच्या दिवशी मुलीने ते नेसून दाखविले, तेव्हा पोरे हसली आणि आम्हीही हसलो. हसली नाही ती एक वृद्ध माउली. तिचे नाव येथे घेत नाही. ती आपल्यातीलच आहे. ती एवढेच म्हणाली, “लेकरा, गरिबाची बाई ठिगळ मिरवत नसती. ती झाकती.”

दुसऱ्या दिवशी तिने आम्हांस घरी बोलाविले. ट्रंकेच्या तळातून एक विटके लुगडे काढून पुढे ठेवले आणि म्हणाली, “ह्याच्यात काय हाय ते शोध.” आम्ही तीन पिढ्यांचे शिंपी, पण लुगडे उजेडाकडे धरल्यावाचून आम्हांस ते सापडले नाही. त्या लुगड्यास दंड घातला होता.

तरुण मंडळींना हा शब्द ठाऊक नसेल. लुगडे आधी विरते ते बसण्याच्या आणि गुडघ्यांच्या जागी. दोन्ही टोके मात्र धड राहतात. म्हणून विरलेला भाग आडवा कापून काढावयाचा आणि धड तुकडे एकमेकांस जोडावयाचे. काठास काठ तंतोतंत जुळला पाहिजे. आधी धावदोरा, मग दोन्ही कडा एकमेकींत दुमडून बारीक हातशिलाई. शिवण चपटी बसली पाहिजे, नाही तर अंगास टोचते. लुगडे आखूड होते, म्हणून कधी दुसऱ्या जुन्याचा तुकडा जोडून लांबी भरून काढतात. आणि नेसताना तो दंड निऱ्यांच्या आत जाईल असे नेसावयाचे, म्हणजे चार बायकांत मान खाली जात नाही.

तिच्या घरात प्याला कसा शिरला आणि काय काय घेऊन गेला, हे तिने त्या दिवशी सांगितले. आम्ही ते येथे सांगत नाही. एवढेच सांगतो की, तिच्या शेजारात आमचे अर्धे आयुष्य गेले आणि आम्हांस त्याची वार्ता नव्हती. दंड तिने इतका चांगला घातला होता!

ती रंगीत ठिगळे आम्ही त्याच रात्री उसवली. जुने सुती लुगडे मिळवले, दोन ठिकाणी दंड घातले, अंगुस्तान चढवून सगळे हातानेच शिवले. खणाची गाठीची चोळी केली. खणाचा काठ बाह्यांवर घेतला, आणि बाहीला आतून रफू केले. हातात दोन काचेच्या बांगड्या, गळ्यात काळी पोत. बस्स, एवढेच.

प्रयोगाच्या रात्री मागच्या रांगांना दंड दिसला नसेल. पण मुलगी जात्याशी बसली, निऱ्या सरकल्या आणि तिने हाताने त्या पुन्हा झाकून घेतल्या, तेव्हा स्त्रियांच्या बाजूस जी शांतता पसरली ती आम्ही विसरणार नाही. ती खूण मुलीस आम्ही शिकविली नव्हती. कोणी शिकविली, हे आपण ओळखले असेलच.

बंधुजनहो, तयार कपड्यांच्या दिवसांत आपला धंदा उणावला, याचे दुःख आम्ही दरवर्षी येथे करतो. ते खरेच आहे. पण आपल्याच घरांतील शिवण ओळखण्याची दृष्टी उणावली, तर तो दोष बाजाराचा नव्हे. म्हणून दोन विनंत्या करतो. प्रत्येक कुटुंबाने पुढील संमेलनास एक जुने वस्त्र आणावे आणि ते कोणी, कसे शिवले ते मुलांस सांगावे. दुसरी विनंती अशी की, ज्या घरात कोणी दंड झाकीत असेल, तेथे आपण ठिगळ मोजावयास न जाता मदतीस जावे.

ते लुगडे परत करावयास गेलो, तर माउलीने घेतले नाही. “आता मला लागत नाही,” म्हणाली. ते आमच्यापाशी आहे. ज्या मुलास अथवा मुलीस दंड घालावयास शिकावयाचे असेल, त्यांनी अवश्य यावे. सुई-दोरा आम्ही देऊ.

 रामकृष्णहरी.