आयत्या वेळचे दोन शब्द
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



आपण बहुतेक व्यापारी माणसे. गिऱ्हाइकापुढे ठाण उलगडले की आपली वाणी अस्खलित वाहते. परंतु शोकसभेत कोणी ‘दोन शब्द बोला’ म्हटले की हातपाय गार पडतात. मग मान्यवरांची नावे घेण्यातच वेळ सरतो, आणि ज्या कुटुंबाला आपल्या माणसाची एखादी आठवण ऐकायची असते, ते तसेच उठून जाते. ही उणीव मला लहान वाटत नाही.

१८९३ साली शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत वीरचंद राघवजी गांधी जैन धर्माचे प्रतिनिधी होते. साधूंना समुद्रप्रवास वर्ज्य, म्हणून पूज्य आत्मारामजी महाराजांच्या वतीने मुंबईत शिकलेला हा २९ वर्षांचा श्रावक गेला. तेथे एका पाद्र्याने हिंदू मंदिरांतील देवदासींवरून कठोर टीका केली. वीरचंदभाईंनी आपल्या भाषणास आरंभ करण्यापूर्वी त्या टीकेस उत्तर दिले. आघात जैन धर्मावर नव्हता, तरीही दिले! ते उत्तर ऐनवेळचे खरे. पण त्यामागे महाराजांपाशी केलेले अध्ययन होते.

आपल्याच जिल्ह्यातील गागोद्याचे विनोबा १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. कागद वाचायचा असता तर उतरवून घेणाऱ्याची गरजच नव्हती. (‘समणसुत्तं’ हा ग्रंथही विनोबांच्याच प्रेरणेने सिद्ध झाला, हे आपण विसरू नये.)

आपल्याला एवढी झेप नको. उठता उठता मनाशी एकच प्रसंग धरावा: या माणसाला मी कोठे पाहिले, काय करताना पाहिले. ओळखीच्या चेहऱ्याकडे पाहून पहिले वाक्य सावकाश उच्चारावे. आवाजाचा कंप तेवढ्यात ओसरतो. प्रसंग संपला की बसावे. गिऱ्हाइकापुढे शंभर ठाणे टाकली तर ते काहीच न घेता जाते. भाषासमितीतही मित बोलणेच सांगितले आहे.

माझी विश्वस्तांना विनंती आहे की, पाठशाळेत दर रविवारी विषयांच्या चिठ्ठ्या काढून मुलांना दोन-दोन मिनिटे बोलू द्यावे. मोठ्यांचीही नावे त्यात टाकावीत. पहिली चिठ्ठी माझ्या नावाची निघाली तरी हरकत नाही. फक्त विषय आधी सांगू नये.