काठ का ढासळतो?



२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र पुणेकरांच्या स्मरणातून जाणे कठीण आहे. कात्रजच्या डोंगराकडून येणारा आंबिल ओढा त्या रात्री असा फुगला की, अरण्येश्वराच्या बाजूस भिंती कोसळल्या आणि माणसे घरच्या घरी प्राणास मुकली. शहर व जिल्हा मिळून वीसांहून अधिक माणसे गेली. दुसऱ्या दिवशी जो तो पावसाला बोल लावीत होता. पाऊस मोठा होता खरा. पण काठ ढासळविण्याचे काम त्याने एकट्याने केले, असे मला वाटत नाही.

ओढ्याचे पात्र म्हणजे कोणी खणून ठेवलेली चारी नव्हे. वर्षा-दोन वर्षांनी येणाऱ्या बेताच्या पुराच्या मापाने ओढा आपली रुंदी आणि खोली स्वतःच ठरवीत असतो. आता वरच्या उतारावर छपरे, सिमेंटचे रस्ते आणि फरसबंद अंगणे झाली. पूर्वी जे पाणी गवतातून रेंगाळत, मुरत, उशिरा खाली येई, ते गटारांतून घटकाभरात येऊन थडकते. पाऊस तेवढाच, पण पूर मोठा, आणि तोही वरचेवर. जुने माप त्याला पुरणार कसे?

वोलमन नावाच्या अमेरिकन भूगोलज्ञाने १९६७ साली मेरीलँडमधील नद्यांवरून एक क्रम दाखविला. बांधकामे चालू असताना उघड्या मातीचा गाळ येऊन पात्र भरते; बांधकामे संपली की गाळ आटतो, वाढलेले पाणी मात्र राहते. मग ओझे उतरलेले ते पाणी तळ आणि काठ खाऊ लागते. (आपल्या ओढ्यांचे पाणी गढूळ दिसते हे खरे, पण मैल्याने काठ भरून निघत नाहीत.) तळ खचला की काठ उंच आणि उभा होतो. पूर असतो तोवर पाणीच त्याला टेकू देते. पूर ओसरला की टेकू जातो, माती मात्र भिजून जड झालेली असते. म्हणून काठ पुष्कळदा पाणी उतरल्यावर कोसळतो. पाणी गेले म्हणून रात्रीच घरी परतणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

यावर आपला उपाय म्हणजे भिंत. तिने तेवढा तुकडा काही काळ वाचतो. परंतु पात्र आकसते, वेग वाढतो, आणि पाण्याचा जोर भिंतीच्या पायाशी व खालच्या काठावर जातो. भिंत बहुधा पायाखालून सुटते. आणि खाली राहतो कोण? ज्याला दुसरीकडे जागा मिळाली नाही तो. टेकडीवरच्या बंगल्याच्या अंगणातले पाणी दांडेकर पुलाजवळच्या माणसाच्या चुलीत शिरते.

करंज, उंबर, वाळुंज यांची मुळे काठाची माती धरून ठेवतात. पण त्यांना दोन्ही अंगांस जागा सोडावी लागते, आणि पाणी वरच मुरवायचे तर तेथेही जमीन मोकळी ठेवावी लागते. ती जमीन आज कोणाच्या ना कोणाच्या नावावर आहे. खरी अडचण तेथे आहे.