फुरसुंगीचा फेणे आणि आपली मुले

(बारामती येथे पालकांसमोर केलेल्या भाषणाचा अंश)



विपुल लेखनाचे बारामतीला अप्रूप नाही. मोरोपंतांनी १०८ रामायणे रचली, ती कऱ्हाकाठच्या याच गावी राहून. आज ज्यांच्याविषयी बोलायचे, त्या भा. रा. भागवतांनी आपली विपुलता मुलांसाठी वेचली. १९१० साली इंदूरला जन्म, २००१ साली निधन. १९५१ मध्ये त्यांनी ‘बालमित्र’ मासिक काढले, ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या आणि बनेश ऊर्फ फास्टर फेणे याची २० पुस्तके लिहिली.

हा फेणे कोठला? हडपसरपलीकडच्या फुरसुंगीचा, पुण्यात शिकायला गेलेला. म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला! इंदापूरच्या मुलाने तो वाचला, तर पराक्रमासाठी लंडनचा गुप्तहेर लागत नाही हे त्याला आपोआप उमगते. ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’ हे नावच पाहा.

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. आपल्या वर्तुळात मुलांसाठी जे छापले जाते, त्यात उपदेश फार. चरित्रनायकाचा तिसऱ्या पानावरच पुतळा होतो. भागवतांनी धैर्यावर व्याख्यान दिले नाही. फेणेला संकटात लोटले आणि ‘ट्टॉक’ करीत बाहेर काढले. संस्कार तेथेच झाला.

आज इंग्रजी शाळांतील आपलीच मुले जोडाक्षरांपाशी अडखळतात. त्यांना रागावून मराठी टिकणार नाही. येत्या सुट्टीत बारामती-इंदापूरच्या शाखांत खेळानंतर एकेक प्रकरण मोठ्याने वाचावे, आणि ऐन उत्कंठेच्या जागी थांबावे. पुस्तक मुले स्वतःच मागून नेतील.